शून्य आठ

सोमवार, ३ मार्च

आलो एकदाचा! भिसेगावात झकास खोली मिळाली, खिडकीतून डोंगर दिसतो, आणि घरमालकीण चारुलताबाईंनी आल्या आल्या पोह्यांची बशी हातात दिली. सुरभी आणि रिया रविवारी खोली बघायला येणार. रियाचा फोनवर पहिला प्रश्न, बाबा, तिथे म्हशी आहेत का? म्हटलं, वाट्टेल तेवढ्या.

नोकरी कडावच्या पुढे, एका खाजगी दूध शीतकरण केंद्रात. आसपासच्या गावांतलं दूध इथे येतं आणि दोन मोठ्या स्टीलच्या टाक्यांत थंड होतं. टाक्यांचं तापमान, दुधाच्या नोंदी, सगळं एका सर्व्हरवर. आणि तो सर्व्हर आठवडाभर सुरूच होत नाहीये. मालक येसाजीराव म्हणाले, रविवारपर्यंत चालू करा, नोकरी कायम. रविवार कशाला, दोन दिवसांत करतो! पनवेलच्या त्या विजेच्या कंत्राटदाराने मला चार लोकांत हाकललं ना, आता कळू दे त्याला हर्षद काय चीज आहे. इथे पाय रोवले की त्याची गिऱ्हाइकं एकेक करून फोडणार. असलं काही मी विसरत नाही.

इथे दाराशी चपला काढायच्या, नळीने पाय धुवायचे, मगच आत जायचं. दुधाची जागा, फरशी सदा ओली. मी बूट काढले नाहीत. वीज आणि ओली फरशी, मला शिकवू नका म्हटलं. भिवाजी नावाचा एक म्हातारा आहे. रोज सकाळी बाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कळशीभर पाणी ओततो. कुठे वीज गळली तर ती माणसाला न धरता जमिनीत जावी म्हणून तो खड्डा, आणि माती ओली राहावी म्हणून पाणी. त्याने हजेरीच्या वहीवर माझी सही घेतली आणि वही डोळ्यांजवळ धरून बघतच बसला. मोतीबिंदू असेल.

मंगळवार, ४ मार्च

सर्व्हरने पहिल्याच दिवशी नाकी नऊ आणले. बटण दाबलं की पंखे फिरतात, आणि मदरबोर्डवरच्या बारीक लाल आकड्यांची पळापळ सुरू होते: शून्य एक, शून्य दोन, शून्य तीन. एकेक तपासणी पार पडली की पुढचा आकडा. शून्य आठला आला की ढिम्म. खालीही नाही, वरही नाही.

मेमरीच्या पट्ट्या काढल्या, टोकं खोडरबराने घासली, एकेक करून लावल्या. बोर्डावरचा सेल बदलला. डिस्का काढल्या. प्रोसेसर उचलून खालच्या पिना भिंगाने बघितल्या, एकही वाकडी नाही. शेवटी बोर्डच सर्व्हरच्या लोखंडी कपाटातून काढून पुठ्ठ्यावर ठेवला आणि दुसरा पॉवर सप्लाय लावला. शून्य आठ. मनसोक्त शिव्या घातल्या आणि चहा प्यालो.

कपाटाला हात लागला की बारीक मुंग्या येतात. हे कपाट आणि बाहेरच्या टाक्या अर्थिंगच्या एकाच पट्टीला जोडल्यात. पट्टी तपासायला हवी. पायात रबरी तळव्यांचे बूट, खाली काळी रबरी चटई, म्हणून नुसत्या मुंग्यांवर भागलं.

बुधवार, ५ मार्च

मुंबईहून नवा बोर्ड मागवला होता, तो दुपारी आला. प्रोसेसर नवा, मेमरी नवी, कोरी करकरीत. जुन्यातला एक स्क्रूसुद्धा ठेवला नाही. बटण दाबलं.

शून्य आठ. अरे, काय थट्टा लावलीय!

त्यात ती चटई. सकाळी आलो तर कपाटासमोर नाही. बाहेर दोरीवर वाळत घातलेली, साबणाने खसाखसा धुतलेली. चटई नाही म्हणजे मी उघड्या फरशीवर. भिवाजीवर असा खेकसलो की टेंपोवाले वळून बघायला लागले. तो शांतपणे म्हणाला, मी नाय धुतली सायेब, चटई जना धुवायची. कोण जना, म्हटलं, बोलवा तिला. तर जना त्याची सून. इथे टाक्या धुवायची. तीन वर्षांपूर्वी सकाळी यातल्याच एका टाकीला फडकं लावलं आणि शॉक लागून तिथेच चिकटली. कागदावर लिहिलं हृदयविकार. भिवाजीने आरडाओरडा केला तेव्हा येसाजीरावांनी अर्थिंगचा तपासणी अहवाल दाखवला, की बघ, सगळं ठीक आहे.

मला वाईट वाटलं. पण चटई कोणी धुतली ते काही कळलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

मीटर लावण्याआधी अर्थिंगचा जुना अहवाल बघावा म्हणून फाइल काढली.

सही माझी आहे.

आता लिहूनच टाकतो, इथे कोण वाचतंय. त्या कंत्राटदाराकडे असले अहवाल मीच करायचो. जागेवर कोण जातंय! पनवेलच्या ऑफिसात बसायचं, चहा प्यायचा, आणि रकान्यात ०.८ ओहम लिहायचं. आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. पूर्ण एक लिहिलं तर खोटं वाटतं, अर्धं लिहिलं तर फारच चांगलं वाटतं. ०.८ वर कुणी शंका घेत नाही. या केंद्राचं नावही माझ्या ध्यानात नव्हतं. कंत्राटदारानेच तसं करायला सांगितलं होतं. मी एकटा नव्हतो.

०.८. शून्य आठ.

योगायोग आहे. पान फाडून खिशात घातलं. भिवाजी दारात उभा होता. त्याच्या बाजूने अंग चोरून बाहेर पडलो.

शुक्रवार, ७ मार्च

बूट खोलीच्या दाराबाहेर काढले होते. सकाळी कठड्यावर उपडे, साबणाचा वास, आतून चिंब. चारुलताबाईंनी हात लावला नाही. चपलांची जोडीही तशीच. अनवाणी कामावर गेलो.

फाडलेलं पान परत फाइलमध्ये. ओलं. धुतलेलं. सगळी शाई गेलीय. ०.८ आणि माझी सही तेवढी राहिलीय.

खड्डा खणला. तांब्याची पट्टी हातभर खाली जाते आणि संपते. अर्थिंगला खाली लागतो तो पत्रा नाही, मीठ नाही, कोळसा नाही. कधी पुरलंच नव्हतं. पट्टीच्या टोकाला हिरव्या बांगड्या बांधलेल्या.

मीटर लावला. त्या नुसत्या मातीत लावला, देवाशपथ. काटा ०.८ वर.

येसाजीरावांना सांगितलं, नवीन अर्थिंग घाला, आजच्या आज. म्हणाले, सोमवारी बघू, आधी सर्व्हर.

शनिवार, ८ मार्च

सकाळी मेन स्विच पाडला. मोटर बंद, दिवे बंद, पंखे बंद. बोर्डावर शून्य आठ लालभडक. वायर उपटून हातात घेतली तरी—

टेस्टर टाकीला लावला. पेटला. वीज नाही, आणि टाकी जिवंत!

तोल जाऊन कपाटाला धरलं. अनवाणी, ओल्या फरशीवर. कळ खांद्यापर्यंत गेली. आणि आकडा हलला. शून्य नऊ. टेस्टर विझला. हात सोडला, परत शून्य आठ. टेस्टर पेटला. चार वेळा करून बघितलं. मी धरलं की टाकी मरते. मी सोडलं की—

म्हणजे वीज माझ्यातून जमिनीत जातेय. तिथे पुरायला हवं होतं ते मी.

भिवाजी सगळं बघत होता. म्हणाला, मला अक्षर येत नाय, पन ही सही येते. तीन वर्सं रोज बगितली. म्हणाला, तिच्या बांगड्या मीच पुरल्या. रोज पानी घालतो, अजून वल्या हायत. मी त्याचे पाय धरले. सगळं सांगितलं, रडलो. तो म्हणाला, मला कशाला सांगता, तिला सांगा. ती आत हाय.

सुरभीला फोन केला, उद्या येऊ नका. म्हणाली, तुझं नेहमीचंच, रियाने कपडे काढून ठेवलेत. का येऊ नको ते सांग. काय सांगू?

जना चटईपासून सुरू झाली. मग बूट. आता उद्या—

रविवार, ९ मार्च

जायला निघालो होतो. स्टेशनवरच गाठून दोघींना परत पाठवायचं. वहीसुद्धा खिशात घातली होती. फक्त सर्व्हरच्या खोलीतून बॅग घ्यायला आलो.

सुरभीचा फोन. आधीच्या गाडीने आलो, तुला चकित करायचं होतं. केंद्रावरच आहोत. मी येसाजीरावांशी बोलतेय. रिया आत गेलीय, त्या आजोबांनी पाय धुवायला लावले. एक काकू टाकी धुतेय, रियाच्या हातातही फडकं दिलंय तिने. गोड आहे रे बाई, हिरव्या—

फोन बंद. लागत नाही.

कपाट धरलंय. अनवाणीच. उजवा हात चिकटलाय. डाव्याने लिहितोय. खोलीच्या काचेतून टाकी दिसतेय. रिया. अनवाणी. टाकीला फडकं लावतेय आणि हसतेय. म्हणजे मी धरलंय तोवर—

ओरडलो. मोटरच्या आवाजात ऐकू जात नाही. ती बाई माझ्याकडे बघतेय. तिला सांगितलं. माझं चुकलं जना. मीच लिहिलं. पोरीला नको.

तिने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

आकडा पुढे जातोय. शून्य नऊ. दहा. वीस. आता पुरा होईल. दात वाजताहेत. सोडायचं नाही. सुटला तर—

रियाने दुसरा हात टेकवला.

सोडणार नाही. बाळा, चपला घाल. दाराशी आहेत. चपला घा—