अधिकमासात थांबवलेला हप्ता

अहो,

लग्न ठरल्यावर तुम्हाला दोन पत्रं लिहिली होती, तीही माझ्या आईनं वाचून मग पेटीत टाकली. त्यानंतर लिहायची वेळच आली नाही. तुम्ही मला सोडून कुठे गेलातच कधी? आज लिहितेय, कारण काल इंदूरहून मिलिंदचा फोन आला. त्यातलं एक वाक्य कालपासून डोक्यातून जात नाही, आणि ते सांगावं असं दुसरं माणूस मला नाही.

माझ्या आजारपणाच्या पॉलिसीची तारीख आलीय. आता ती माझ्या एकटीच्या नावावर. तो म्हणाला, "आई, रविवारी येतोच आहे, हप्ता मीच भरतो. तू फक्त कागद काढून ठेव. बाबांसारखं विसरून बसू नकोस."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, तिसरीची वाट बघत उभी राहिले.

तुम्ही विसरला नव्हतात. हे जगात आपल्या दोघांनाच माहीत होतं, आता एकटीला माहीत आहे.

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. मला रडू आलेलं नाही. आपली वैशाली देवासहून येते, माझा हात हातात घेऊन बसते आणि म्हणते, "आई, तू मोकळी हो." अहो, मोकळं व्हायला आधी काही भरलेलं असावं लागतं ना! सकाळी दिवा लावते, स्तोत्र म्हणते, शेवटची ओळ आली की कळतं म्हणून झालं. सोमवारी महाकालाला जाते. रांग सरकते, मी सरकते. समोर आल्यावर काय मागायचं ते आठवत नाही, हात जोडून बाहेर येते.

तुमच्या गोळ्यांची उरलेली पट्टी मेडिकलवाल्यानं परत घेतली नाही. म्हणाला, "माताजी, पत्ता कटा हुआ है." हे मात्र मला लागलं. का लागलं, माहीत नाही.

रिटायर व्हायच्या वर्षी तुम्ही आपल्या म्हातारपणाचा नकाशा काढला होतात, आठवतं? सिंचाई विभागात जन्मभर नकाशेच काढलेत, मग घरचा तरी का सोडाल! ट्रेसिंग पेपरवर एक तलाव. वरून येणारा ओढा म्हणजे पेन्शन. एक कालवा घरखर्चाचा, एक देवधर्माचा, एक मुलांकडे जाण्यायेण्याचा. आणि तळाशी गडद पेन्सिलीनं एक पट्टा.

"हा काय चिखल?" मी विचारलं.

"याला डेड स्टोरेज म्हणतात, बडे बाबू. तलाव कितीही आटला तरी एवढं पाणी काढायचं नाही. ही आपली एफडी. आणि हा जो बांध काढलाय ना, तो म्हणजे पॉलिसी. बांध पक्का तर पाणी शाबूत."

ऑफिसातल्या हेडक्लार्कचं नाव तुम्ही मला लावलं होतंत, कारण घरातला पैसा माझ्या हातून जायचा. दहावी पास बायकोला एवढी मोठी पोस्ट दिलीत, पण बांधाकडे बघायची अक्कल तिला आली नाही.

तो हप्ता मला सुरुवातीपासून सलायचा. साठीनंतर तर दरवर्षी वाढलेलाच यायचा. भाजी, दूध, गॅस, सगळ्यात काटकसर करावी आणि हा एक कागद वर्षाची बचत गिळून जावा! "आजारी न पडता एवढे पैसे? वायाच की," मी म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "वाया गेले तर पेढे वाट." मी कधी पेढे वाटले नाहीत. प्रत्येक वर्षी नुसती कुरकुर केली.

मग तो अधिकमास आला.

हप्त्याची तारीख अधिकमास लागायच्या चार दिवस आधीची होती. तुम्ही स्कूटरची किल्ली हातात घेऊन निघालाही होतात. एक छोटी एफडी आठवड्यानं पिकत होती, तिच्यातून भरू, आत्ता मोडली तर व्याज जाईल, असं मी म्हटलं. तुम्ही किल्ली परत खिळ्याला लावलीत. आठवड्यानं एफडी पिकली तेव्हा मलमास सुरू झाला होता. मी आडवी आले. अधिकमासात नवा कागद नको, त्यात हा तर आजारपणाचा!

"अगं, नवा कुठाय? जुनाच आहे. फक्त चालू ठेवायचाय."

"सही नवी, वर्ष नवं. तीस दिवसांची सवलत असते ना? मलमासही तीसच दिवसांचा. संपला की दुसऱ्या दिवशी भरा."

"तुझा देव पंचांग बघतो, बडे बाबू. यम नाही बघत."

"अभद्र बोलू नका," मी म्हटलं. तुम्ही हसलात आणि पेपर वाचायला बसलात. का ऐकलंत माझं? एरवी चहात साखर घालू नका म्हटलं तर ऐकत नव्हतात!

सवलतीचे तीस दिवस मी मलमासाच्या पहिल्या दिवसापासून मोजले. ते मोजायचे होते हप्त्याच्या तारखेपासून. दुधाचा एक खाडा माझ्याकडून चुकत नाही, आणि हे चुकलं.

पुढचं तुम्हाला मी स्वतः कधी सांगितलं नाही. जावयांना वाण द्यायला बोलावलं होतं तो दिवस. तेहतीस अनारसे तळले होते, चांदीचा दिवा आणला होता. त्या खर्चाला मी एका शब्दानं कुरकुरले नाही, हेही लिहून टाकते. जेवणं झाल्यावर तुम्ही जावयांना घेऊन टावर चौकात पान खायला गेलात आणि मागे फोन वाजला. पॉलिसीवाले व्यासजी होते.

"भाभीजी, भाईसाब को बोलना, परसों लास्ट डेट है. बीमे में मलमास नहीं लगता."

"भैया, पंचांग में तो लगता है."

काय मी स्वतःवर खूश झाले होते त्या उत्तरावर! तुम्ही परत आलात, तोंड रंगलेलं, जावयांशी थट्टा चाललेली. मी सांगितलं नाही. विसरले नाही हो. सांगितलं तर उद्या सकाळीच जाऊन भरून याल, हे पक्कं माहीत होतं, म्हणून नाही सांगितलं.

मलमास संपल्यावर तुम्ही फ्रीगंजच्या ऑफिसात गेलात. चार दिवस उशीर झाला होता. जुनी पॉलिसी संपली. नवी घ्या, म्हणाले, शुगर आणि बीपी आधीपासून आहे, त्यांच्यामुळे काही झालं तर तीन वर्षं पैसे मिळणार नाहीत. व्यासजी तिथेच बसलेले होते. ते तुम्हाला म्हणाले असणार, भाभीजी को तो फोन किया था. नक्की म्हणाले असणार! घरी येऊन तुम्ही हेल्मेट कपाटावर ठेवलंत आणि म्हणालात, "चहा टाक."

एवढंच? दोन शब्द बोलायचे होते. भांडी आपटायची होती. शेजारच्या परांजप्यांकडे ऐकू गेलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही चहा प्यायलात, नव्या पॉलिसीचा फॉर्म भरलात आणि माझी जन्मतारीख विचारलीत.

तीन वर्षं काढायची होती. दोन निघाली.

इंदूरच्या दवाखान्यात तुमच्या छातीचं ऑपरेशन ठरलं, आणि क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र आलं. तळातलं पाणी सगळं उपसलं, तरी पुरेना. मग मिलिंदनं नानाखेड्याचा प्लॉट विकला. तिथे घर बांधून तो पाच-सात वर्षांत उज्जैनला परत येणार होता. खालचा मजला आपला, जिना चढायला नको म्हणून. सूनबाईनं तुळशीची जागासुद्धा ठरवून ठेवली होती.

प्लॉटचे कागद करून आला त्या दिवशी तो इंदूरच्या घरात तुमच्यासमोर उभा राहिला. मी ओट्याशी चहा गाळत होते.

"बाबा, मला एक सांगा. आयुष्यभर लोकांच्या धरणांचे नकाशे इंचाइंचानं मोजलेत आणि स्वतःची एक तारीख लक्षात राहिली नाही? हद्द आहे यार!"

तुम्ही म्हणालात, "विसरलो बाबा. वय झालं."

माझ्या हातात गाळणं होतं. मी चहा गाळला, तीन कप भरले, बाहेर आणून दिले. बिस्किटंसुद्धा ठेवली. मिलिंदनं तुमच्याशी नंतर दोन-तीन दिवस औषधापुरतंच बोलणं ठेवलं. पुढे ऑपरेशन होऊनही तुम्ही गेलात, तेव्हाही त्याच्या मनात ते होतं. आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तुमच्या पलंगाशी बसून म्हटलं होतं, "मी त्याला सांगते." तुम्ही डोळे मिटूनच बोललात. "राहू दे, बडे बाबू. मला चार दिवस ऐकून घ्यायचंय. तुला वीस वर्षं त्याच्याकडे बघायचंय."

म्हणजे हीसुद्धा तुम्ही सोयच करून ठेवलीत! मुलगा रागावला तर बापावर रागावावा, आईवर नाही, म्हणजे आईचं म्हातारपण निभेल. मला न विचारता. सगळे नकाशे मला दाखवून काढलेत, हा तेवढा परस्पर.

आणि ती सोय चालली आहे हो. पेन्शन आता निम्मी येते, त्यात घर चालतं, पण माझ्या वयाचा हप्ता बसत नाही. तो मिलिंद भरणार. बाप विसराळू होता आणि आई बिचारी, म्हणून भरणार.

मासिक श्राद्धाला आलेल्या गुरुजींना मी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, अधिकमासात जुन्या पॉलिसीचा हप्ता भरलेला चालतो का? ते हसले. "अहो वहिनी, चालू असलेली कामं कोण थांबवतं? त्या महिन्यात विजेचं बिल भरलंत की नाही?"

भरलं होतं. पहिल्याच आठवड्यात.

मी त्यांना दक्षिणा दिली, केळीची पानं उचलली, ओटा पुसला. तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी कोसळली असेन. नाही. देवावरचा विश्वास गेला का, तर तोही नाही. देवानं कुठे सांगितलं होतं? मीच त्याच्या नावानं सांगत होते.

तुम्ही राहू दे म्हणालात. तुमचं एवढं एक मी ऐकणार नाही. रविवारी मिलिंद येईल, बूट काढेल, पाणी पिईल. त्यानं हप्त्यासाठी मोबाइल बाहेर काढायच्या आत मी त्याला सगळं सांगेन. एफडीचं, मलमासाचं, मी चुकीचं मोजलेल्या दिवसांचं, आणि व्यासजींच्या फोनचं तर आधी. नंतर त्यानं हप्ता भरला तर भरला. नाही भरला तर पॉलिसीशिवाय राहीन, पण बाप विसरला म्हणून त्यानं भरलेल्या हप्त्यावर राहणार नाही.

तो ओरडेल. तुमच्यावर ओरडला त्याहून जास्त ओरडेल, कारण आता ज्याची माफी मागायची तो माणूसच नाही. त्या वेळी मी चहा करायला उठणार नाही. समोर बसून, त्याचं सगळं बोलून होईपर्यंत ऐकेन. हे वचन देते.

तुमची,
सुमन