तोंड नसलेला पतंग

रत्नागिरी, सोमवार, संध्याकाळ

परसातल्या दालचिनीवर वीतभर रुंद विटकरी पतंग बसला होता, पंखांच्या टोकांवर सापाच्या डोक्यासारखी नक्षी. ह्यांनी खाटेवरूनच पाहिला. डॉक्टरांनी हात टेकल्यापासून ह्यांच्या घशाखाली काही उतरत नाही. मी पेजेचा चमचा पुढे केला.

"अगो, त्या पतंगाला तोंडच नसतं. अळी असताना खाल्लेल्यावरच चार दिवस जगतो."

"तुम्ही पतंग नाही. तोंड उघडा."

"माझंही खाऊन झालंय गो. पोटभर घातलंस तू."

तोंडच नसतं म्हणे! मग मी काय करायचं? जन्मभर दुसरं काय केलं मी? समोर रडले नाही. ओल्या फडक्याने त्यांचे कोरडे ओठ टिपले. तेवढं मात्र करू दिलं त्यांनी.