जावईबापू बाद होते

रविवार, संध्याकाळ. बडनेरा स्टेशन.

अमरावतीची गाडी अजून यायची आहे. आमचे खेळाडू फलाटाच्या त्या टोकाला बसलेत. माझ्याकडे कोणी बघतसुद्धा नाही.

क्रिकेटच्या सामन्याला प्रत्येक गावानं आपापला पंच न्यायचा, ही इकडची रीत. अमरावतीचा पंच मी. अकोल्याकडून जावईबापू खेळणार हे माहीत होतं. मग तेव्हाच नाही का म्हटलं नाही? सहकुटुंब जाऊ, लेकीची भेट होईल, एवढंच डोक्यात.

आज अकोल्याच्या मैदानावर चेंडू सरळ त्यांच्या पॅडवर बसला. पांढऱ्या पॅडवर लाल डाग. बाद होते, शंकाच नाही. आमची पोरं माझ्याकडे वळून ओरडली. मी मात्र बायकांच्या कनातीकडे पाहिलं. लेक कमल सासूशेजारी पदर सावरून बसली होती. लग्नाला चारच महिने झालेत. बोट उचललंच नाही. पुढे त्यांनीच अकोल्याला सामना जिंकून दिला.

हिला आत्ता सांगितलं, तर म्हणते, "जावई हायेत ते. चारचौघांत त्याईले बाद देता काय?"

पण तो डाग! निघताना पॅड त्यांच्या बगलेत होते, डाग तसाच. पुसायचा तरी. पॅड खाली ठेवून नेहमीसारखे पाया पडायला वाकले आणि हळूच म्हणाले, "मामाजी, तुमी मले बाद द्यायले पायजे होतं."

मी आशीर्वादाला हात वर केला. दुपारी वर गेला नाही, तोच हात.