खाडीपुलाच्या अलीकडे

१२ जानेवारी, गोराई

निघालो एकदाचे! घाटकोपरची भाड्याची खोली सोडली, सामान मुलुंडला आईकडे टाकलं आणि सकाळी बोरिवलीत जाऊन जानकी परबांकडून व्हॅन ताब्यात घेतली. आता वर्षभर हेच आमचं घर. आधी कन्याकुमारी, मग पूर्व किनाऱ्याने वर थेट अरुणाचल. पवईच्या ऑफिसात डबा खाताना प्रीतमने आणि मी नकाशा इतक्यांदा उघडलाय की तो घड्यांवर फाटलाय.

व्हॅन झकास आहे. शेगडी, छोटं बेसिन, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. मागच्या पलंगाची जाड गादी पत्र्यालाच पक्की बसवलेली, त्यामुळे वळणावर घसरायची भीती नाही. परबबाईंचे यजमान गेल्यापासून गाडी उभीच होती. ते कशाने गेले हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. किल्ली दिली आणि दार लावून घेतलं.

पहिला मुक्काम सुरूच्या झाडांखाली. मी भुर्जी केली. प्रीतम म्हणाला, “संघा, आपण खरंच निघालो ना गं?” आणि लहान मुलासारखा हसत सुटला.

१३ जानेवारी, गोराई

गाडीत वास येतोय. डबा बंद करून आठवडाभर विसरावा, तसा. बेसिन घासलं, फिनेल ओतलं. शेवटी कळलं, वास गादीला आहे. हात लावला तर ओलसर आणि कोमट, तापलेल्या माणसाच्या काखेसारखी. शिसारी आली. दिवसभर हात धूत होते. प्रीतमचं म्हणणं, समुद्राची हवा आहे, त्याला तर मस्त झोप लागली.

१४ जानेवारी, मानखुर्द

वाट लागली. वाशीचा खाडीपूल समोर दिसतोय आणि इंजिन तापून बंद. अरुणाचलला निघालेले आम्ही मुंबईसुद्धा ओलांडू शकलो नाही.

धोंडिराम नावाच्या मेकॅनिकने गाडी ओढून त्याच्या गॅरेजच्या आवारात आणली. गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं. आत पाणी नव्हतं. पिवळट, घट्ट, थिजलेल्या चरबीसारखं काहीतरी, आणि त्यात केस. धोंडिराम म्हणाला, देवनारच्या कचऱ्याचा वास आम्ही जन्मभर घेतोय, हा तसला नाही. मग तो कोपऱ्यात जाऊन ओकला.

प्रीतमने त्यात बोट बुडवलं. हुंगलं. मला वाटलं, तो आता ते तोंडात घालणार. मी त्याचा हात झटकला.

१६ जानेवारी

रेडिएटर बदलायचाय, नवा अजून आलेला नाही. मी आवारात तंबू ठोकलाय. प्रीतम व्हॅनमध्येच झोपतो. आईकडे जाऊ म्हटलं तर ऐकत नाही. आंघोळ नाही, जेवण नाही. भूक नाही म्हणतो. दोन दिवसांत गालफडं बसली त्याची.

सकाळी चहा घेऊन गेले. तो उठून बसला तेव्हा चिकटपट्टी सोलताना होतो तसा आवाज आला. पाठ पाहिली. कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटलेली, आणि गादीपासून तिला तारा आलेल्या. पिवळट.

चहा माझ्याच हातावर सांडला.

१७ जानेवारी

परबबाईंना फोन केला. गाडीत काय आहे ते विचारलं. त्यांनीच उलट विचारलं, “तुमच्या दोघांतला कोण आवडला तिला?”

मी नवऱ्याचं नाव सांगितलं.

“ओढू नका त्यांना. निघत नाही. आमचे हे फार रडायचे.”

अशी गाडी आम्हाला का विकली, विचारलं. म्हणाल्या, भंगारवाला न्यायला तयार नव्हता. फोन ठेवला. पुन्हा उचलत नाहीत.

१८ जानेवारी

ओढलं. मी आणि धोंडिरामने, दोघांनी. प्रीतम असा ओरडला की— सोडून दिलं. माझ्या नखांत त्याचं— साबण संपला. वास जात नाही.

गाडी आपोआप सुरू झाली. नवा रेडिएटर बसवलाच नाहीये. इंजिन गार, आवाज एकदम गोड. प्रीतम वाळत चाललाय आणि ती—

ॲम्ब्युलन्सवाले आत डोकावले आणि मागे सरले. गादीसकट कसा उचलणार म्हणतात. धोंडिराम म्हणाला, गाडीच चालते आहे तर गाडीच न्या, गोवंडीत हॉस्पिटल आहे, तिथले डॉक्टर कापून काढतील.

मला चालवता येते. नेते.

१८, दुपार

गेटपर्यंतसुद्धा आली नाही. स्टिअरिंग फिरत नाही. उतरायला गेले तर पाठ— सीट कोमट आहे. ड्रेस भिजलाय. दुखत नाही, हेच किळसवाणं आहे, बरं वाटतंय—

हात मोकळे आहेत म्हणून लिहितेय.

धोंडिराम पत्रा कापायची कात्री घेऊन आलाय. आधी प्रीतमला सोडवा म्हटलं. त्याने मागे पाहिलं. म्हणाला, ताई, तुम्ही मागे बघू नका.

आरशात दिसतंय. गादी फुगलीय. वर प्रीतमचा शर्ट, सगळी बटणं लावलेली, आणि त्यात काहीच— नाही, मान आहे. वळतेय. तो माझ्याकडे बघून ह