उतारावर मीच पुढे

४ जानेवारी, सकाळ
गोरक्षने माझ्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. पोटचा मुलगा. कारण काय, तर सोसायटीच्या गेटवर मी वॉचमनची खुर्ची उडवली. वॉचमन खुर्चीत नव्हता. मग? चाकणच्या कंपनीत पर्सोनेलमध्ये जन्म गेला माझा. चूक खुर्चीची असेल तर मेमो खुर्चीला. सूनबाई वर्षाराणी म्हणते, आई, आता रिक्षाने जात जा ना. गोड आवाजात. आमच्या कॉन्व्हेंटात असा आवाज काढणाऱ्या मुलीला सिस्टर बाकावर उभं करायच्या.

६ जानेवारी
चाकणपलीकडच्या डोंगरावर सायकलची उताराची शर्यत आहे. एकेकाला वरून सोडतात, खाली पोचायची वेळ मोजतात. पायडल मारायचं जवळजवळ नाहीच. म्हणजे बसून खाली यायचं. यात अवघड काय? गोरक्षला म्हटलं, न पडता उतरले तर किल्ली परत. हसत म्हणाला, दिली. ते हसणं लक्षात ठेवलं आहे.

११ जानेवारी
कासारवाडीच्या शादाबकडून सायकल भाड्याने आणली. विचारतो, नातवासाठी का, खाला? माझ्यासाठी, म्हटलं. त्याने हेल्मेट फुकट दिलं. माणूस घाबरला की उदार होतो.
पार्किंगच्या उतारावर सराव. एकदा. पुन्हा गरज वाटली नाही.

१८ जानेवारी, दुपार
शर्यत झाली. आधी माइकवाल्याने स्टेजवर ओढून शाल-श्रीफळ दिलं. सर्वांत ज्येष्ठ स्पर्धक म्हणे, टाळ्या! मी स्पर्धेला आले होते की निरोप समारंभाला? नारळ गोरक्षच्या हातात कोंबला आणि निघाले.
वाट जेमतेम एका सायकलीपुरती. मुरूम, दगड, वळणं. मी दोन्ही ब्रेक गच्च दाबून, शिस्तीत, मधोमध. मागून एक पोरगा ओरडला, ओ आजी, साइड! चाकण रोडवर मी कधी कंटेनरला साइड दिली नाही, याला देणार? मग दुसरा आला. मग तिसरा. एकाने विचारलं, मावशी, नवरदेव कुठाय, वरात तर निघाली. कार्टा.
खालपर्यंत मीच पुढे, सगळे माझ्या मागे. तरी निकालात शेवटचा नंबर माझा! आयोजकांना साधं घड्याळ वाचता येत नाही.
पण पडले नाही.

१८ जानेवारी, संध्याकाळ
गोरक्षने किल्ली टेबलावर ठेवली. वर्षाराणीचा चेहरा बघण्यासारखा होता. पोटभर बघितला.

१९ जानेवारी
दोन्ही हातांची बोटं सुजली आहेत, मिटत नाहीत. ब्रेकमुळे नव्हे. थंडी आहे.
सकाळी पार्किंगमध्ये स्कूटरला किल्ली लावली. फिरेना. वर्षाराणी पाठोपाठ आलेली होतीच. तिने फिरवून दिली. मग ती पुढे बसली, मी मागे. कुठे जायचं आई, म्हणाली. हाडांच्या डॉक्टरकडे, म्हटलं.
किल्ली माझीच आहे. तिला फक्त चालवायला दिली आहे.