तुझ्या सुरातला पियानो

प्रिय लंबू,

तुझा फोन लागत नाही आणि पूल अजून बंदच आहे, म्हणून हे पत्र दवाखान्यातल्या परिचारिकाताईंच्या हाती देतेय. त्यांना तेवढं पलीकडे जाऊ देतात. तू बरा असशील असं धरून चालते. दुसरं काय करू शकते?

काल बाबांच्या स्मरणार्थ शांतीचा कार्यक्रम झाला. सिनेगॉगच्या मागचं सभागृह, तेच डुगडुगणारं व्यासपीठ, तोच पियानो. तुम्ही दोघांनी मिळून सुरू केलेला कार्यक्रम. इकडचा गायकवृंद आणि पलीकडची तुझी क्लॅरिनेट. यंदा बाबा फोटोत, आणि तू कुठेच नाहीस. यंदा कार्यक्रम ठरवणाऱ्या चिटणीसकाकांना मी हात जोडून सांगितलं, लंबूला बोलवा, निदान त्याची खुर्ची तरी मांडा. ते वाईट नाहीत रे. पुलावरच्या त्याच गोळीबारात बाबांच्या शेजारी त्यांचा पुतण्या गेला. म्हणाले, शांती हवीच आहे, पण यंदा पलीकडचं कुणी नको, लोकांना झेपणार नाही. बाबा असते तर अर्ध्या शांतीचं आमंत्रण म्हणून खो-खो हसले असते. मला नुसता संताप आला, आणि तो कुणावर काढायचा तेच कळेना.

आमच्या चालीरीती तुला माझ्याइतक्याच पाठ आहेत. आई-वडील गेले की वर्षभर गाणं-वाजवणं ऐकायचं नाही. म्हणजे बापाच्या नावाचा कार्यक्रम आणि लेक दाराबाहेर! रब्बींना विचारलं, मग पियानो कोण लावणार? ते म्हणाले, सूर लावणं हे तुझं पोटापाण्याचं काम, ते खुशाल कर. गाणं सुरू व्हायच्या आत मात्र बाहेर ये.

काल सकाळी एकटीच पियानोशी बसले. हात सवयीने चालत होते. तुझ्या आजोबांची ती क्लॅरिनेट, जरा चढ्या सुराचीच. काही केल्या खाली येत नाही. म्हणून बाबा दरवर्षी मला सगळा पियानोच तिच्याएवढा चढवायला लावायचे. पाहुण्याला कशाला वाकवायचं, आपणच उठून उभं राहू, म्हणायचे. मला कानसेन म्हणायचे आणि तुला जावईबापू. तेव्हा आपण दोघंही बहिऱ्याचं सोंग घ्यायचो. किती छान जमायचं ते सोंग! अर्ध्याअधिक तारा चढवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की क्लॅरिनेट येणारच नाहीये. किल्ली हातात धरून तशीच बसून राहिले. मग उरलेल्या तारासुद्धा चढवल्या.

कार्यक्रमभर मी कोट टांगायच्या खोलीत उभी होते, कानात बोटं घालून. नंतर आत्याने सांगितलं, व्हायोलिनवाल्यांनी मुकाट्याने पियानोला तारा जुळवल्या. वरच्या सुरांना गाणाऱ्यांचे चेहरे लालबुंद झाले. चिटणीसकाका तर गळपट्टी सैल करून गात होते! सगळं सभागृह तुझ्या सुरात होतं लंबू, आणि एकालाही पत्ता नव्हता. ऐकून मला आधी हसू फुटलं. मग कुणाच्या तरी कोटात तोंड खुपसून रडले. डांबराच्या गोळ्यांचा वास होता त्याला.

आज चिटणीसकाकांचा फोन आला. सगळ्यांचे घसे बसलेत, तेव्हा पियानो उद्याच नेहमीच्या सुरावर उतरव, आणि आता कायमचा तिथेच राहू दे. मी खूप वाद घातला. शेवटी तो सूर कुणाचा आहे तेही सांगून टाकलं. ते म्हणाले, म्हणूनच. मी नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाला बोलावतील. परक्याच्या हातून होण्यापेक्षा माझ्या हातून झालेलं बरं, म्हणून मीच जाणार आहे. आणि म्हणूनच आज लिहायला बसले. कधीतरी पूल उघडेल, तू येशील, क्लॅरिनेट जोडशील, आणि ती पियानोशी जुळणार नाही. तेव्हा ओठ दुखेपर्यंत फुंकत बसू नकोस. तुझ्या वाद्याचं काही बिघडलेलं नसेल. पियानो मी उतरवलाय.

तुझीच,
कानसेन