वेदीवरच्या मरियेचा चेहरा

नागपूर,
२१ ऑक्टोबर २००६

प्रिय पास्कलदादाला,
फिलोमिनाचा येशूच्या नावानं नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आईचे गुडघे आता बरे आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. कापसाला यंदाही भाव नाही, तरी शेजारच्यांची वेचणीआधीची सीतादहीची पूजा होताच आपल्या लोकांनी पहिल्या वेचणीचा कापूस चर्चमध्ये मी काढलेल्या मरियेच्या पायाशी नेऊन ठेवला, हे फार छान झालं.

तू लिहिलंस, "रोज संध्याकाळी तिच्यासमोर मीच जपमाळ सांगतो. मन भरून येतं. तुझं जुनं सगळं मी माफ केलं."

माफ केलं! चोर तो चोर, वर शिरजोर.

चौदा वर्षांपूर्वी तू माझी चित्रांची वही चुलीत घातलीस. तीत एकाच मुलीची चित्रं होती, आपल्या गल्लीतल्या उर्वशीची. माझं तिच्यावर प्रेम होतं. रविवारची मिस्सा सुटल्यावर चर्चच्या ओट्यावर, सगळ्यांदेखत, तू तिच्या थोबाडीत मारलीस. "सैतान शिरला हिच्यात. निंग इथून!" ती गाव सोडून गेली. मला फादरांसमोर गुडघ्यावर बसवलंस आणि माझं पाप माझ्याआधी तूच सांगून टाकलंस.

मैत्रिणीबरोबर खोली करून राहते, एवढंच मी घरी सांगत आले. ती मैत्रीण म्हणजे उर्वशीच. चर्चसाठी चित्र काढून दे, असं तुझं पत्र आलं तेव्हा तिला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, डोक्यामागं परात टेकवली. ती हसायला लागली. "काहून वो, मले देव करून राह्यली का?"

"हालली तं नाक वाकडं होईन," मी म्हटलं.

दया म्हणजे काय ते मी याच एका चेहऱ्यावर पाहिलंय, दादा. मी खोटं काही रंगवलेलं नाही. मरिया माझीही आहे.

परवा मार्थामावशीचा फोन आला. "आमी बायांनी तं पह्यल्याच दिवशी ओयखलं. कोनी बोललं नाई. तुहा भाऊ पाया पडून राह्यला, पडू दे म्हटलं!"

तू तेवढं ओळखलं नाहीस. वहीतही तू नुसतं चित्राखालचं नाव वाचलंस, आणि मारताना तिच्या तोंडाकडं धड पाहिलंही नव्हतंस.

आता चित्र उतरवावंसं वाटेल. पण बिशपसाहेबांनी त्यावर पवित्र पाणी शिंपडलंय. आशीर्वाद दिलेली वस्तू टाकता येत नाही, ती जाळावी किंवा पुरावी लागते, हे तूच आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवायचास. आणि का जाळायची, ते फादर विचारणारच. तर सांग त्यांना. थोबाडीत मारलीस तसंच, सगळ्यांदेखत सांग. नाहीतर सहाची घंटा झाली की टेक गुडघे.

उर्वशी म्हणाली, हे पत्र धाडू नको. मी तिचं ऐकलं नाही. सूड घेऊन हलकं वाटत नाही म्हणतात. मला वाटतंय.

आईला साष्टांग नमस्कार.

तू जिच्यापुढे हात जोडतोस, तिच्या घरातली,
फिलोमिना